तळाचा रंग

सकाळी साडेसहा. बुरेलाच्या धक्क्यावर
बोनितो पकडणाऱ्या बोटी परतल्यात,
खिडकीच्या फटीतून डिझेलचा वास येतोय,
आणि सात नंबरच्या खुर्चीत एलादिओ,
गळ्याशी दोन नळ्या, एक लाल टोपणाची, एक निळ्या.

मी सिरिंज लावते. ओढते. येत नाही.
ढकललं तर जातं, ओढलं तर येत नाही.
एकाच बाजूने उघडणारं दार.
मान वळवा. खोका. हात वर करा,
धक्क्यावरून कुणाला हाक मारताना करता तसा.
तो करतो. कुणीच येत नाही.

"काय झालंय, मुली?"
नळीच्या टोकावर रक्ताने पापुद्रा धरलाय.
रक्ताचा दोष नाही त्यात.
त्याला एवढंच येतं, आईच्या पोटात असल्यापासून:
जे आपलं नाही त्याला धागे गुंडाळायचे,
भोक दिसलं की लिंपायचं.
गळाने तळहात फाडला होता ना तुमचा?
तेव्हा ह्यानेच रात्रभर जागून खपली धरली.
आता त्याला कसं समजवायचं
की ही जखम नाही, ही वाट आहे.

एलादिओला हे पटतं, लगेच.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटींचे तळ खरवडले त्याने,
ओहोटीला बोट कलती करून, तिच्या पोटाखाली उताणा पडून.
शेवाळ, शिंपले, ते पांढरे धारदार कळे,
डोळ्यांत पडणारा चुरा.
"समुद्राचंही असंच. लाकूड टाक, लोखंड टाक,
आठवड्यात तो त्यावर घर बांधतो.
म्हणून तळाला तांब्याचा रंग द्यायचा.
तुमच्या नळीला रंग नसतो?"

असतो, काहींना. इतका गुळगुळीत लेप
की रक्ताला पाय टेकायला जागा मिळू नये.
आणि एका पाळीपासून दुसरीपर्यंत
आम्ही नळीत हेपारिन भरून ठेवतो,
टोपणाशी छापलंय तेवढंच, एक पूर्णांक सहा मिली.
जास्त झालं तर अंगात उतरतं,
कमी झालं तर टोकाशी रक्त शिरून बसतं.

"कशापासून करतात ते?"
डुकराच्या आतड्यापासून. आतलं अस्तर खरवडून.

तो थबकतो. नोव्हेंबरात डुक्कर कापलं की
त्याची आई ओढ्यावर आतडी धुवायला बसायची,
उलटी करून, मीठ चोळून, लिंबू चोळून,
बोटं निळी पडेपर्यंत.
जे बुळबुळीत सुटायचं ते पाण्यात सोडून द्यायची.
"ते औषध होतं?" तो नळ्या सांभाळत हसतो.
"तरीच आमच्या ओढ्यातल्या माशांना
कधी झटका आला नाही!"

मी जोर लावत नाही. जोर लावणारी नर्स
गुठळी फुप्फुसाकडे धाडते,
हे पहिल्या वर्षी ओबदुलियाने शिकवलं, मनगटावर चापट मारून.
विरघळवणारं औषध सोडते, चिमटा लावते, घड्याळ बघते.
एक तास.
"भरतीची वाट बघायची, दुसरं काय," म्हणत
तो डावं मनगट कानाला लावतो.
तिथे गेल्या महिन्यात जोडलेली नस अजून मुरायची आहे.
आत गुरगुरतं म्हणे, लांबच्या इंजिनासारखं.
ते ऐकता ऐकता झोपतो.

पावणेआठ. ओढते.
आधी काहीच नाही.
मग तपकिरी दोरा. मग लाल,
मग इतकं लाल की मी श्वास सोडते
आणि तेव्हा कळतं की तो धरला होता.

खारं पाणी, दहा मिली.
ढकल, थांब. ढकल, थांब.
सरळ धार नुसती निघून जाते;
भिंत पुसायला हिसके लागतात.

तो डोळे न उघडता विचारतो,
"उतरली का पाण्यात?"
उतरली.
"परवा पुन्हा शेवाळ धरेल."
परवा पुन्हा बघू, मी म्हणते,
आणि निळं तोंड घासायला घेते,
पंधरा सेकंद, मनातल्या मनात मोजून.